राधानगरीच्या वाटेवरची दोन टाक्यांची जीप

परवा माघातल्या एका मंगळवारी राधानगरीच्या वरच्या अंगाला जाण्याचा योग आला. योग म्हणायचा तो लोकांना सांगण्यापुरता. खरे सांगायचे तर गेली कित्येक वर्षे मी त्या एका वाडीला जायचे टाळत होतो. नोकरीचे आता थोडेच दिवस उरले आहेत. जाताना काही देणी फेडून जावीत असे वाटते, आणि त्या वाडीतल्या अण्णांचे माझ्याकडे एक जुने देणे होते.

गोष्ट २००६ सालची. मोगली एरंडाचा तेव्हा सगळीकडे बोलबाला होता. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली अहवाल दिला होता, की पडीक जमिनीवर मोगली एरंड लावा, त्याच्या बियांचे तेल डिझेलमध्ये मिसळता येईल. मी ऐन उमेदीत होतो. जीपमध्ये रोपे भरायची आणि वाड्यावस्त्यांवर वाटत सुटायचे. अण्णांच्या बांधावर आणि माळाच्या तुकड्यावर मिळून सहाशे रोपे मी स्वतः उभा राहून लावून घेतली. "अण्णा, डिझेल बांधावर पिकणार बघा," असेही म्हणालो होतो. पुढे काय झाले ते वाचकांपैकी अनेकांनी स्वतःच्या बांधावर पाहिले असेल. झाड जगते, पण जगणे वेगळे आणि पिकणे वेगळे. मूळचे ते अमेरिका खंडातले झाड. हलक्या जमिनीत पाण्यावाचून ते ओंजळभर बी देते आणि राधानगरीच्या पावसात पाण्यात उभे राहून मुळे कुजवून घेते. पुढे २००९ साली राष्ट्रीय जैवइंधन धोरण आले. २०१७ पर्यंत वीस टक्के जैवइंधन मिसळायचे असे त्यात म्हटले होते. २०१७ आले आणि गेले. अण्णांकडे मात्र मी पुन्हा फिरकलो नाही.

कोल्हापूरहून सकाळची एस.टी. पकडली. हळदी, परिते मागे पडले, भोगावतीच्या कारखान्याची चिमणी दिसली. इथपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, एस.टी.ला वाट द्यायला तयार नाहीत. पुढे नदी जवळ येते, डोंगर दोन्हीकडून सरकत येतात, आणि ऊस हळूहळू कमी होऊन भाताची रिकामी खाचरे आणि नाचणीचे उतार दिसू लागतात. हवाही बदलते. राधानगरीला उतरून चहा घेतला तेव्हा दहा वाजले तरी हात चोळावेसे वाटत होते.

राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी सुरू केले. त्यांच्या हयातीत ते पुरे झाले नाही, पण आज या खोऱ्यातला उसाचा हिरवेपणा त्या पाण्याचा आहे. त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे मी पावसाळ्यात अनेकदा पाहिले आहेत. पाणी ठराविक पातळीला आले की दरवाजा आपोआप उघडतो, पाणी उतरले की आपोआप मिटतो. तिथे कुणी माणूस चाक फिरवायला उभा नसतो. रात्री दोन वाजता पाणी चढले तरी दरवाजाला झोप लागलेली नसते. हे मी का सांगतो आहे ते पुढे कळेल.

राधानगरीहून दाजीपूरच्या बाजूला जाणारी दुसरी गाडी मिळाली. हा रस्ता पुढे फोंडा घाट उतरून कोकणात जातो. डाव्या-उजव्या हाताला जंगल. १९५८ सालापासून राखलेले गव्यांचे हे रान आहे. गवा काही दिसला नाही, रस्त्याकडेला त्याचे शेण दिसले, तेवढ्यावर समाधान मानले. फाट्यावर उतरलो. तिथून वाडी सहा किलोमीटर आत, आणि वाट अशी की बैलगाडीनेही विचार करावा. मी पिशवी खांद्याला लावून चालू लागणार, तोच मागून एक जुनी जीप आली आणि शेजारी थांबली.

जीपला धूर होता, पण डिझेलचा वास नव्हता. घाण्यावर पेंड गरम असताना येतो तसा, कडवट-तेलकट वास होता. आत अण्णा बसले होते, पंच्याहत्तरीचे, चाकामागे. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मग म्हणाले, "या साहेब! किती वर्सांनी वाट वाकडी केलासा. तुमचं मोगली एरंड बघायला आलासा व्हय?"

मी खाली मान घालून जीपमध्ये बसलो.

वाडीजवळ आलो तसा डॅशबोर्डखाली एक पिवळा दिवा लागला. अण्णांनी बोटाने एक बटण दाबले. घराच्या अंगणात जीप उभी राहिली तरी ते इंजिन बंद करीनात. मी उतरलो, पिशवी काढली, तरी इंजिन चालूच. घरातून तीन वर्षांची एक चिमुरडी धावत आली आणि बोनेटकडे बोट दाखवून ओरडू लागली, "अजून न्हाय! अजून न्हाय!" थोड्या वेळाने आतून बारीक शिट्टी वाजली. "वाजलं!" असे म्हणून तिने टाळ्या पिटल्या. तेव्हा कुठे अण्णांनी इंजिन बंद करायचा दट्ट्या ओढला.

"ही आमची इन्स्पेक्टर," अण्णा म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवून जरा वेळ तसेच उभे राहिले.

त्या हाताचा अर्थ मला रात्री जेवताना कळला.

अण्णांचा धाकटा मुलगा आय.टी.आय.चा इलेक्ट्रिशियन. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. जुनी एमएम ५४० जीप, पुजो बनावटीच्या डिझेल इंजिनाची, त्यानेच भंगारच्या भावात आणून उभी केली. वाडीच्या ओढ्याला करंजाची मोठमोठी झाडे आहेत, आजोबा-पणजोबांच्या वेळची. फाल्गुन-चैत्रात शेंगांचा सडा पडतो. पूर्वी त्याचे तेल दिव्याला आणि गुरांच्या खरजेला वापरीत. कोकणात त्याला करंजेल म्हणतात. करंजेलावर डिझेल इंजिन चालते हे पोराने ऐकले होते, आणि ते खोटेही नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनीच पुढे ते सांगितले आहे. आपल्या शेजारी कर्नाटकात, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांनी कग्गनहळ्ळी गावात करंजाच्या, म्हणजे तिकडच्या होंगेच्या तेलावर इंजिने चालवून शेतीला पाणी उपसून दाखवले.

पण करंजेल डिझेलपेक्षा फार घट्ट. साधारण दहापट घट्ट म्हणा. थंड तेल पंपातून आणि नोझलच्या केसासारख्या भोकांतून नीट जात नाही, फवारा होण्याऐवजी धार पडते, ती पुरती जळत नाही, आणि काजळी धरते. तेच तेल सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापवले की पातळ होते. म्हणून गाडीला दोन टाक्या लागतात. एकीत डिझेल, दुसरीत तेल. इंजिन डिझेलवर सुरू करायचे, रेडिएटरचे गरम पाणी तेलाच्या टाकीतल्या नळीतून फिरवायचे, तेल तापले की तोटी फिरवून तेलावर जायचे. आणि मुक्काम यायच्या आधी परत डिझेलवर यायचे, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये डिझेल राहील आणि सकाळी गाडी सुरू होईल. एवढेच. कळायला दोन मिनिटे लागतात. न विसरता रोज करणे, हेच अवघड.

पहिले वर्षभर जीपला दोन हाताने फिरवायच्या तोट्या होत्या. मुलगा कोल्हापुरात, जीप अण्णांच्या हातात. तीन वर्षांपूर्वीच्या पौषात अण्णा फोंड्याच्या बाजाराहून रात्री नऊला परतले. दिवसभराचे दमलेले, थंडीने काकडलेले. अंगणात जीप उभी केली, दट्ट्या ओढला, आणि पांघरूण घेऊन झोपले. तोटी तेलावरच राहिली.

रात्री दोन वाजता सूनबाईंना कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते.

जीप सुरू होईना. पंपात, नळ्यांत, नोझलमध्ये गोठलेले करंजेल. अण्णांनी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवली. ढकलून पाहिली. वाडीत फोनला रेंज नाही. एक पोरगा टेकडीवर चढून पलीकडच्या वाडीतल्या टेम्पोवाल्याला फोन लावेपर्यंत चार वाजले. ग्रामीण रुग्णालय गाठायच्या आधीच, वाटेत, टेम्पोच्या हौद्यात गवताच्या पेंढ्यांवर मुलगी जन्मली. सासूबाई सोबत होत्या म्हणून निभावले. दोघी सुखरूप राहिल्या.

"चार दिस मी कुनाशी बोललो न्हाय, साहेब," अण्णा ताटाकडे बघत म्हणाले. "चूक माझीच. पर मानूस दमला की चुकतंयच की."

मी काही बोललो नाही. बांधावरची सहाशे रोपे माझ्या डोळ्यांपुढे होती. मी तर दमलेलाही नव्हतो.

मुलगा त्या आठवड्यात घरी आला. बापाला तो एक शब्दही बोलला नाही. तोट्या काढल्या आणि कोल्हापुरातून सामान आणायला गेला. त्या डब्याची हकीगत आता जरा सविस्तर सांगतो, कारण वाचकांच्या घरातही अशी डोकेबाज पोरे आहेत आणि त्यांना उपयोग होईल.

डबा म्हणजे खरोखरच डबा, जेवणाचा, स्टीलचा. आत एक मायक्रोकंट्रोलर. करंगळीएवढी काळी चिप, दोन्ही बाजूंना पाय असलेली, गोमेसारखी. हा लहानसा संगणकच, पण त्याला एकच काम पाठ करून ठेवलेले असते आणि तो तेच जन्मभर करतो. ज्या पाटीवर ती बसते तिला आर्डुइनो म्हणतात. इटलीतल्या इव्रिया गावच्या शिक्षकमंडळींनी २००५ च्या सुमारास विद्यार्थ्यांना स्वस्तात शिकता यावे म्हणून ती तयार केली आणि तिचा नकाशा सगळ्यांना खुला ठेवला. म्हणून ती आज कोल्हापूरच्या दुकानातही मिळते.

इंजिनाच्या पंपाच्या अगदी तोंडाशी, तेलाच्या नळीवर, एक तापमान मोजणारी काडी बसवली आहे. टाकीत न बसवता पंपाशी का, असे मी विचारले. मुलगा म्हणाला, "टाकी तापली तरी मधली नळी गार असते, काका. पंपात काय जातंय ते बघायचं." मला हे उत्तर फार आवडले. मी टाकीच बघत आलो, आयुष्यभर.

काडी सत्तर अंश दाखवू लागली की चिप रिलेला हुकूम देते, रिले विजेवर चालणारी तीन तोंडांची तोटी फिरवते, आणि डिझेल बंद होऊन करंजेल सुरू होते. हिरवा दिवा लागतो. तेल साठ अंशांच्या खाली गेले की परत डिझेल. सत्तर आणि साठ असे दोन आकडे का? एकच आकडा ठेवला तर तेल सत्तरच्या आसपास घोटाळत असताना तोटी दर क्षणाला टकटक करीत बसेल आणि आठवड्यात जळेल. मध्ये दहा अंशांची मोकळी जागा ठेवली की ती शांत राहते.

तोट्या दोन आहेत. एक इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर, दुसरी इंजिनाकडून जादा इंधन परत येते त्या नळीवर. थांबायच्या आधी बटण दाबले की पहिली तोटी लगेच डिझेलवर जाते, पण दुसरी अर्धा मिनिट तेलाच्या टाकीकडेच राहते. शेताला पाणी देणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. एका वाफ्याचे बारे मोडून दुसऱ्याला पाणी लावले तरी पाटात उरलेले पाणी जुन्या वाफ्यातच गेले पाहिजे. नळीत उरलेले करंजेल तेलाच्या टाकीत गेले की मग दुसरी तोटीही डिझेलवर जाते. दोन मिनिटे पुरी झाली की शिट्टी.

पहिली पाटी दुसऱ्याच दिवशी जळाली. गाडीची वीज घरच्या विजेसारखी सरळ नसते. स्टार्टर मारताना बॅटरीचा दाब एकदम खाली जातो, इंजिन चालू असताना मध्येच उसळी घेतो, आणि तोटीची गुंडाळी बंद होते तेव्हा तीही उलटा झटका देते. दुसऱ्या वेळी मुलाने बारा व्होल्टचे पाच करणारा तुकडा घातला, फ्यूज घातला, प्रत्येक तोटीला उलटा डायोड लावला. तेव्हापासून डबा टिकला. टाकीतली गरम पाण्याची नळी आधी तांब्याची होती, तीही त्याने काढून पोलादाची केली. तांब्याने तेल लवकर बिघडते, चिकट होते. हा खर्च दोनदा झाला. घरातल्या माणसांनी तो बोलून दाखवला नाही, हे विशेष.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याने मला सर्वांत शेवटी, सहज सांगावे तशी सांगितली. तोट्या अशा जोडल्या आहेत की वीज गेली तर त्या डिझेलवर पडतात. डबा जळो, तार तुटो, काडी निकामी होवो, जीप डिझेलवरच जाणार. काडीकडून शंभराच्या वरचा किंवा शून्याच्या खालचा वेडावाकडा आकडा आला तरी चिप त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, डिझेल. स्टार्टरच्या झटक्याने चिप क्षणभर बेशुद्ध पडून पुन्हा जागी झाली तरी आधी डिझेल. राधानगरीचे दरवाजे मला इथे आठवले.

आणि एवढे करूनही कुणी तेलावर असताना दट्ट्या ओढलाच, तर चिप ते टिपून ठेवते. तिच्या स्मरणाचा एक कप्पा वीज नसतानाही पुसला जात नाही. पुढच्या वेळी चावी फिरवली की लाल दिवा लुकलुकतो. त्याचा अर्थ, हीटर प्लग नेहमीपेक्षा जास्त वेळ तापवा आणि बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारत बसू नका. गेल्या तीन वर्षांत तो दिवा दोनदा लुकलुकला. दोन्ही वेळा गाडी अंगणातच होती, पौषातली रात्र नव्हती.

शिट्टीचीही एक कथा आहे. पहिली शिट्टी बारीक होती, ती अण्णांच्या उतरलेल्या कानांना ऐकू येईना. मुलाने ट्रकची मागे येतानाची पुंगी लावली. मग शेजारी भांडायला आले. शेवटी पुन्हा बारीक शिट्टीच ठेवली आणि ऐकायचे काम नातीकडे दिले. चिपमध्ये बसवता येत नाही असा हा एक भाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि मुलगा मला राधानगरीच्या स्टँडवर सोडायला निघाले. नातही मांडीवर. दव असे पडले होते की काचेवरून पाणी ओघळत होते. जीप डिझेलवर सुरू झाली. ओढ्याजवळ थांबून अण्णांनी करंज दाखवले. शेंगा पिवळ्या-तपकिरी व्हायला लागल्या होत्या. खाली सावलीत गुरे उभी होती. झाडांच्या पलीकडे बांधावर मोगली एरंडाची पाच-पन्नास खोडे उरलेली, कुंपण म्हणून. "गुरं खात न्हाइत, म्हणून ऱ्हायलं," अण्णा म्हणाले. "तेवढा फायदा झाला बघा तुमचा."

फाट्यापर्यंत सहा किलोमीटर दिवा पिवळाच. डांबरी रस्त्याला लागून आणखी तीन-चार किलोमीटर गेल्यावर टक् असा आवाज झाला आणि हिरवा दिवा लागला. इंजिनाचा आवाज किंचित मऊ झाला, किंवा मला तसे वाटले. मागे तोच घाण्याचा वास. पुढे लांबलचक उतार लागला, पाय काढून घेतला, गार वारा इंजिनात शिरला, आकडा उतरू लागला. पासष्ट, त्रेसष्ट, साठ. टक्. पिवळा. चढ लागला तसा पुन्हा थोड्या वेळाने हिरवा. अण्णांचे दोन्ही हात चाकावर, लक्ष रस्त्यावर. त्यांनी त्या दिव्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

आता हिशेबाचे. मी एकदा पोळलो आहे, म्हणून यावेळी उत्साहाने काही सांगणार नाही.

घाण्यावर लिटरभर करंजेलाला साधारण चार किलो बी लागते. बाजारातून तेल विकत आणून गाडीत घालणे परवडत नाही, त्यापेक्षा डिझेल स्वस्त पडते. या घराला जमते कारण झाडे स्वतःची, बी घरचे वेचलेले, आणि पेंड खाचराला आणि भाजीच्या वाफ्यांना खत म्हणून जाते. पेंडीने वाळवी आणि मुळांवरचे सूत्रकृमीही आटोक्यात राहतात. मी हा हिशेब मांडत होतो तेव्हा चुलीपाशी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "आमची वेचायची आन् शेंगा फोडायची मजुरी धरलासा का साहेब?" मी धरली नव्हती. धरली तर शिल्लक फार थोडी राहते. त्यांनी ती कधी मागितली नाही, म्हणून ती नसते असे नव्हे.

दुसरे, दूध घालायची रोजची खेप सहा किलोमीटरची. ती पुरी डिझेलवरच होते, कारण तेल तापायच्या आतच मुक्काम येतो. करंजेल कामी येते ते बाजारच्या आणि कोकणच्या लांब खेपांना. ज्याची गाडी रोज गावातल्या गावात फिरते त्याने या भानगडीत पडू नये.

तिसरे, हे जुन्या, साध्या इंजिनाचे काम आहे. कॉम्प्युटर बसवलेल्या नव्या डिझेल गाड्यांत, ज्यांत एकाच नळीत प्रचंड दाबाने डिझेल भरलेले असते, तिथे कच्चे तेल घालणे म्हणजे नोझलचा आणि पंपाचा खर्च ओढवून घेणे. जुन्या इंजिनातही न जळलेले तेल पिस्टनच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑईल घट्ट करते. म्हणून अण्णांकडे इंजिन ऑईल निम्म्या मुदतीत बदलतात. करंजेल आधी उकळत्या पाण्याने धुऊन, तापवून पाण्याचा अंश घालवून, पंधरा दिवस पिंपात निवळत ठेवून, मग बारीक फिल्टरमधून गाळतात. वर्षभर पडून राहिलेले आंबूस तेल वापरत नाहीत.

आणि एक गोष्ट, जी मी सरकारी माणूस म्हणून जीपमध्ये बसायच्या आधीच विचारायला हवी होती आणि उतरताना विचारली. गाडीत असा फेरबदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली परवानगी लागते. नोंदणीच्या पुस्तकात जे इंधन लिहिले आहे त्याचाही प्रश्न येतो. मुलगा ओशाळून म्हणाला, "अर्ज तयार आहे काका, द्यायचा राहिलाय." मी म्हणालो, आजच दे, आणि विम्याच्या कंपनीलाही कळव, अपघात सांगून येत नाही. शेतावरच्या पंपाला, मळणीयंत्राच्या इंजिनाला असा डबा बसवायचा असेल तर हा प्रश्न येत नाही, आणि ती इंजिने तासन्तास एका जागी चालतात, तेल तापून राहते. माझ्या मते या डब्याची खरी जागा तिथे आहे. मुलगा विचार करतो म्हणाला.

राधानगरी जवळ आली तसे त्याने बटण दाबले. स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागलेलीच होती, कंडक्टर दाराशी उभा राहून हाका मारीत होता. अण्णांनी मागून एक गाठोडे काढले. आत पाच-सहा किलो करंजाचे बी होते, मागच्या हंगामातले निवडक.

"रोपवाटिकेत द्या," ते म्हणाले. "पर साहेब, ह्या वक्ताला ओढा बघून लावायला सांगा. माळावर नको."

मी गाठोडे घेतले. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. मुलगा गाठोडे गाडीत चढवायला धावत आला. अण्णा जीपमध्येच बसून राहिले, हात दट्ट्यावर, नात मांडीवर. एस.टी. हलली तेव्हा खिडकीतून पाहिले, तिने एक बोट वर करून धरले होते. अजून शिट्टी वाजली नव्हती.